भूल देणं म्हणजे राखण करणं : ऑपरेशनच्या आधी, मध्ये आणि नंतर

(कर्जत-खालापूर परिसरातल्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, डॉक्टर कोण? म्हणजे सर्जन कोण. दुसरा प्रश्न, खर्च किती? भूल कोण देणार, हे विचारणारी घरं आम्हाला फार थोडी भेटतात. गंमत अशी, की थिएटरच्या दारात पेशंट आमचा हात धरून हळूच जे विचारतो, ते मात्र भुलेबद्दलच असतं. "डॉक्टर, मी उठेन ना?"

आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर देऊ या. भूल म्हणजे काय, गेल्या पावणेदोनशे वर्षांत तिच्यात काय बदललं, आणि खांडस, कशेळे, चौक, खोपोली अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने ऑपरेशनला जाताना काय करावं, असे तीन भाग आहेत.

भूल म्हणजे झोप नव्हे

आपण सहज म्हणतो, "झोपेचं इंजेक्शन दिलं." पण झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. पूर्ण भुलेत तीन वेगवेगळ्या गोष्टी साधाव्या लागतात. शुद्ध हरपली पाहिजे, वेदनेला शरीराने दिलेला प्रतिसाद थांबला पाहिजे, आणि पोटासारख्या ऑपरेशनमध्ये स्नायू सैल पडले पाहिजेत. आज या प्रत्येक कामाला वेगळं औषध आहे, आणि पेशंटचं वय, वजन, आजार बघून प्रत्येकाचं माप ठरवता येतं.

सुरुवातीला असं नव्हतं. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेत बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन एका रुग्णाच्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया लोकांसमोर करू दिली. त्या काळी बातमी जहाजाने यायची, तरी मार्च १८४७ मध्ये कलकत्त्याला ईथर वापरलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. ते वापरायला सोपं, वासाला बरं. पण जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. नखाच्या ऑपरेशनमध्ये जीव गेला म्हटल्यावर सगळे हादरले.

या क्लोरोफॉर्मचा मोठा वाद आपल्या शेजारी, हैदराबादला झाला. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने दोन समित्या बसल्या. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं, की आधी श्वास बिघडतो, म्हणून श्वासाकडे डोळे लावून बसा. लंडनमध्ये अनेकांचं म्हणणं होतं, हृदयच एकदम बंद पडतं, नाडीवर बोट ठेवा. पुढे विसाव्या शतकात सिद्ध झालं, की क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके एकाएकी बिघडू शकतात. म्हणजे श्वासही बघायला हवा आणि हृदयही. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादेत तयार झाल्या.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. वाद औषधावर सुरू झाला आणि शेवटी येऊन थांबला तो 'बघत कोण बसणार, आणि काय बघणार' यावर. भात पोटरीला आलं की आपण माळ्यावर राखणीला बसतो. रानडुक्कर रोज येतंच असं नाही, पण ज्या रात्री डोळा लागतो त्या रात्री येतं. भूलतज्ज्ञाचं काम तसंच आहे. इंजेक्शन द्यायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतरचा सगळा वेळ राखणीचा असतो.

बोटाला लावायचा चिमटा

या राखणीला सगळ्यात मोठी मदत झाली ती एका छोट्या यंत्राची, आणि ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कोविडच्या काळात आशाताई घरोघर येऊन बोटाला चिमटा लावायच्या, तो पल्स ऑक्सिमीटर. १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी त्याचं तत्त्व मांडलं. ऑक्सिजन भरलेलं रक्त लालभडक असतं, ऑक्सिजन कमी झालेलं काळपट. चिमटा बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो, आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून आकडा दाखवतो.

पूर्वी भूल देणारा डॉक्टर ओठ आणि नखं निळी पडतात का ते बघायचा. अडचण अशी, की डोळ्यांना निळेपणा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. चिमटा त्याच्या आधी सांगतो. म्हणून आम्ही सांगतो, ऑपरेशनला येताना नेलपॉलिश काढून या. बोटांवर गडद मेंदी असेल तर तेही सांगा.

दुसरं यंत्र कॅप्नोग्राफ. बाहेर पडणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड किती, हे ते दाखवतं. श्वासनलिकेत घातलेली नळी योग्य जागी आहे की चुकून अन्ननलिकेत गेली, हे त्यावरून काही श्वासांत कळतं. यांच्या जोडीला ईसीजी, रक्तदाब आणि शरीराचं तापमान. यंत्रं आकडे देतात. आकडा का बदलला आणि आता काय करायचं, हे शेजारी बसलेल्या माणसाने ठरवायचं असतं.

बघत बसण्याची ताकद काय असते, याचं उत्तम उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी केल्या. त्या १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. त्यातूनच पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग रुजला आणि कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. मोठं यंत्र नव्हतं, मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णापाशी थांबलेला डॉक्टर होता.

अख्खा माणूस झोपवायची गरज असतेच असं नाही

कमरेखालच्या ऑपरेशनसाठी, विशेषतः सिझेरियनसाठी, मणक्यात इंजेक्शन देतात. जर्मनीत ऑगस्ट बीर यांनी १८९८ मध्ये ही पद्धत वापरली. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली, पाण्यात तरंगणाऱ्या नसांच्या भागात जाते, त्यामुळे ती मज्जारज्जूत घुसण्याची भीती बाळगू नये.

अलीकडची मोठी प्रगती म्हणजे सोनोग्राफीत बघून एकाच हाताची किंवा पायाची नस बधिर करणं. एक्स्प्रेस वेवर अपघात होऊन हात मोडलेला माणूस घ्या, किंवा खोपोलीच्या कारखान्यात बोटं सापडलेला कामगार. पोट भरलेलं आहे, वर्षानुवर्षं बिडी ओढून छाती खराब झालेली आहे. याला पूर्ण भूल देणं जोखमीचं. पण गळपट्टीच्या हाडाजवळ नसा शोधून त्यांच्याभोवती औषध सोडलं, तर तो जागा राहतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो, हात मात्र बधिर. शिवाय ऑपरेशननंतर काही तास दुखतही नाही.

जिथे यंत्रं नेता येत नाहीत अशा जागांसाठी केटामाइन हे औषध आहे. १९६२ मध्ये ते तयार झालं. योग्य मापात दिलं तर वेदना थांबते, पण श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब एकदम कोसळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जात नव्हती, बचावपथकं पावसात चालत चढली. आपल्या तालुक्यांत अशा वाड्या अजून आहेत. तिथे जखमीला डोलीतून खाली आणायचं तर अशी औषधं आणि ती देता येणारी माणसं हाताशी असणं ही चैन म्हणता येणार नाही.

बधिर करण्याच्या औषधाबद्दल मुंबईच्या टाटा मेमोरियलचा एक अभ्यास सांगतो. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० महिला त्यात होत्या. निम्म्या महिलांना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, म्हणजे दात काढताना देतात तेच औषध. सहा वर्षांनी, औषध न टोचलेल्या गटात १०० पैकी सुमारे ८६ महिला हयात होत्या, टोचलेल्या गटात सुमारे ९०. बाकीचे सगळे उपचार दोन्हीकडे चालूच होते, तेव्हा हे औषध म्हणजे कॅन्सरवरचा इलाज असं कुणी समजू नये. पण ऑपरेशनच्या आसपासच्या त्या काही मिनिटांत काय केलं जातं, त्याचे परिणाम वर्षानुवर्षं पुढे जाऊ शकतात, हे यातून दिसतं.

सोसण्यात मोठेपणा नाही

आता वेदनेकडे येऊ. आपल्याकडे, आणि विशेषतः वाड्या-पाड्यांवर, सोसणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. कातकरी किंवा ठाकर बाई ऑपरेशननंतर गप्प पडून असते. सिस्टर विचारतात, "दुखतंय का?" ती म्हणते, "नाय." कागदावर लिहिलं जातं, वेदना नाही.

पण जरा तिला खोकायला सांगा. ती खोकत नाही, कारण टाके ओढतात. खोकली नाही की छातीत कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखतं म्हणून ती कूस बदलत नाही, उठत नाही. मग पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. म्हणून वेदना कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हे.

त्यामुळे आम्ही प्रश्न बदलायला सांगतो. "दुखतंय का?" असं विचारू नका. "खोकता येतंय का? उठून बसता येतंय का? रात्री झोप लागली का?" असं विचारा. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा विचारा. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारता येतं.

औषधांचीही रीत बदलली आहे. दुखणं टिपेला पोचल्यावर एक जोरदार इंजेक्शन द्यायचं, ही जुनी पद्धत. आता पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं घड्याळ लावून, दुखायच्या आधीच देतात. त्यांच्या जोडीला सूज कमी करणारी औषधं, जखमेच्या जागी बधिर करणारं औषध, आणि गरज पडली तरच अफूवर्गातलं औषध थोडक्या मात्रेत. वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोडी थोडी दिली की प्रत्येकाचा त्रास कमी होतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक घाबरतात, "सवय लागेल." ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिलं तर व्यसनाचा धोका कमी असतो. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला तर ते नाकारणं क्रूर आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं रुग्णालयांना जिकिरीचं झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट सोपी केली. वेदना असणाऱ्या माणसाने, "आमच्या पेशंटला मॉर्फिन मिळू शकतं का?" असं विचारण्यात काही गैर नाही.

निघण्याआधी काय करायचं

उपाशी पोटी यायला का सांगतात? भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची जागरूकता जाते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. ठरलेल्या ऑपरेशनसाठी जगभर पाळला जाणारा साधारण हिशोब असा आहे:

– तळलेलं, मटण, पोटभर जेवण : ८ तास आधी थांबवा.
– हलकं खाणं, पेज, दूध आणि दुधाचा चहा : ६ तास.
– अंगावरचं दूध (तान्ह्या बाळासाठी) : ४ तास.
– साधं पाणी : २ तास.

दुधाचा चहा "पाण्यासारखाच" म्हणून घेतला जातो आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. याच्या उलट चूकही तितकीच होते. वाडीवरचा माणूस रात्री आठला जेवतो, पहाटेची एसटी पकडतो, आणि नंबर येतो दुपारी दोनला. अठरा तास पाण्याचा थेंब नाही! डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिलं, की पेशंटला विनाकारण उपाशी-तहानलेलं न ठेवता, वेदना आवरून, लवकर खायला देऊन, लवकर चालवलं तर तो लवकर बरा होतो. तेव्हा नंबर उशिरा असेल तर, "पाणी कधीपर्यंत चालेल?" हे विचारून घ्या. मधुमेह असेल, दिवस गेले असतील किंवा पोटाचा आजार असेल, तर नियम बदलतात. अंतिम शब्द तुमच्या भूलतज्ज्ञाचा.

आणि काही लपवू नका. बिडी, मशेरी, ताडी, दारू, झाडपाल्याचं औषध, रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची किंवा वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं, सगळं सांगा. आम्ही पोलीस नाही. हलणारा दात आणि कवळीही सांगा. घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल तर ते आवर्जून सांगा. सिकलसेल आदिवासी समाजांत जास्त आढळतो. त्या रुग्णाला थिएटरमध्ये गारठा, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची तूट चालत नाही, म्हणून तपासणीचं कार्ड सोबत आणा. रक्त कमी असेल तर ऑपरेशनला आठवडे आहेत तोवरच लोहाचे उपचार सुरू करा. बिडी-सिगारेट शक्यतो महिनाभर आधी सोडा.

अंतराचा प्रश्न

आपल्याकडे कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं आहेत. इमारत आहे, सर्जन आहे, पण त्या घटकेला भूलतज्ज्ञ नाही, ही ग्रामीण भारतभरची जुनी अडचण. मग बाळंतीण पुढे पनवेलला, उल्हासनगरला, मुंबईला. यावर उपाय म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना सुरुवातीला १८ आठवड्यांचं जीवरक्षक भूलकौशल्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, मुख्यतः अडलेल्या बाळंतपणासाठी. उपाय चांगला आहे, पण शिकलेला डॉक्टर त्याच कामावर, त्याच ठिकाणी राहिला तरच. ग्रामसभेत रस्त्याबद्दल विचारता, तसं हेही विचारा : आमच्या रुग्णालयात भूल द्यायला आठवड्याचे किती दिवस आणि रात्री कोण असतं? बाळंतपणाची तारीख जवळ आली की आशाताईंकडून हे आधी माहीत करून घ्या. अडलेल्या वेळी १०८ ला फोन करतानाच, "सिझेरियनची सोय आत्ता कुठे चालू आहे?" हे विचारा.

खोपोलीत 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या नावाने काम करणारे स्वयंसेवक घाटात धावून जातात. त्यांना आणि तुम्हालाही एक विनंती : गंभीर जखमीला पाणी, चहा पाजू नका. लगेच ऑपरेशन लागलं तर तेच पाणी घातक ठरतं. पांघरूण घाला, रक्त दाबून थांबवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*मणक्यातल्या इंजेक्शनमुळे सिझेरियननंतर कायमची कंबर दुखते का?*
टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणात सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, मग बाळाला घेऊन वाकून बसणं, पाण्याचे हंडे उचलणं. कारण तिथे शोधा. डोकेदुखी मात्र काहींना होते. उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते, अशी असेल तर कळवा, तिला उपाय आहेत.

*ऑपरेशन चालू असताना मधेच जाग आली तर?*
ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलेच्या सुमारे १९,००० प्रसंगांत एक, असं प्रमाण आढळलं. आणि मणक्यातल्या भुलेत जागं असणं हे ठरलेलंच असतं. बोलणं ऐकू येईल, ओढल्यासारखं वाटेल. त्याला घाबरू नका. दुखलं तर लगेच सांगा.

*तान्ह्या बाळाला भूल दिली तर डोक्यावर परिणाम होतो का?*
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तान्हेपणी एकदा, तासाभरापेक्षा कमी भूल दिलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली. बुद्धीत फरक दिसला नाही. हर्नियासारखं गरजेचं ऑपरेशन या भीतीने टाळू नका.

*थिएटरमध्ये तेच तेच प्रश्न परत का विचारतात?*
चांगली खूण आहे ती. नाव काय, ऑपरेशन कशाचं, डावी बाजू की उजवी, कशाची ॲलर्जी? जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीनुसार भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि थिएटर सोडण्याआधी असं तीनदा थांबून तपासतात. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरली, त्यात दिल्लीचं एक होतं. २००९ च्या अहवालानुसार तिथे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. पुन्हा विचारलं तर वैतागू नका. न विचारता आत नेलं, तर मात्र तुम्हीच थांबवा आणि सांगा.

*घरी आल्यावर काय बघायचं?*
भुलेनंतर किमान २४ तास मोटरसायकल चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, एकटे राहू नका. दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, ताप, जखमेतून पू किंवा रक्त, लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दवाखान्यातून निघतानाच रात्री लागणारा फोन नंबर कागदावर लिहून घ्या.

ही शेवटची राखण घरच्यांनी करायची असते. थिएटरमध्ये आम्ही बसतो, घरी तुम्ही बसा. आणि पुढच्या वेळी ऑपरेशन ठरलं की, "डॉक्टर कोण?" याच्या जोडीला, "भूल कोण देणार? त्यांना आधी भेटता येईल का?" हेही विचारा. तुम्ही विचारलंत, तर, "मी उठेन ना?" हा प्रश्न दारात हळूच विचारायची वेळ येणार नाही. त्याचं उत्तर तुम्हाला आदल्या दिवशीच, समोर बसून मिळालेलं असेल.